कड्यावरचे गाव

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हेल्म्सडेल हे मच्छीमारांचे बंदर मागे टाकून पायवाटेने बेरिडेलकडे निघावे, तर अंतर अवघे पंधरा-सोळा किलोमीटरांचे. परंतु चालणाऱ्याचा सारा दिवस त्यात सरतो. उजव्या हाताला उत्तर समुद्र, डाव्या हाताला झुडपांनी भरलेले माळरान, आणि मध्ये ओढ्यांनी कापलेल्या खोल घळी. प्रत्येक घळीत उतरावयाचे आणि पुन्हा तितकेच चढावयाचे. वाटेत ऑर्डचा डोंगर लागतो. १५१३ साली सिंक्लेअर घराण्याचे वीर हिरवा पोशाख करून एका सोमवारी हा डोंगर उतरले आणि फ्लॉडनच्या रणात पडले. तेव्हापासून कोणी सिंक्लेअर हिरव्या वस्त्रांत सोमवारी ऑर्ड ओलांडीत नाही, असे म्हणतात.

या वाटेवर बेरिडेलच्या अलीकडे बॅडबे नावाचे उजाड गाव आहे. गाव म्हणजे आता गवतात बुडालेल्या दगडी भिंतींचे अवशेष. कड्याच्या इतक्या काठावर माणसे राहावयास आली तरी का? हौसेने कोणी आले नव्हते. आतल्या लँगवेलच्या खोऱ्यात त्यांची पिढीजात शेते होती. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जमीनदार सर जॉन सिंक्लेअर यांनी तेथे चेव्हिअट जातीच्या मेंढ्या आणल्या. मेंढ्यांस कुरणे हवी होती. कुळे अडचणीची झाली. पुढे जमिनीचा मालक बदलला, तरी हुसकावणे थांबले नाही.

हे सर जॉन कोणी निष्ठुर सावकार नव्हेत, हेच मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. याच काळात, १७९१ ते १७९९ या वर्षांत, त्यांनी गावोगावच्या धर्मोपदेशकांस शेकडाहून अधिक प्रश्न धाडून उभ्या स्कॉटलंडची माहिती एकवीस खंडांत प्रसिद्ध केली. ‘स्टॅटिस्टिक्स’ हा जर्मन शब्द इंग्रजीत रुजविला तो त्यांनीच. जर्मनांच्या दृष्टीने तो राज्याच्या बळाचा हिशेब होता. लोकांच्या वाट्याला सुख किती आले आणि ते कसे वाढेल हे पाहणे, असा अर्थ सर जॉननी त्याला दिला.

आणि इकडे बॅडबेत? खडकाळ, उतरती, चिमूटभर जमीन. माणसांनी स्वतःच दगड वेचून घरे रचलेली. वारा असा की आयांनी कामाला जाताना गुराढोरांबरोबर लहान मुलांनाही दोरीने बांधून ठेवावे, नाहीतर ती कड्यावरून खाली जायची, ही आठवण त्या मुलखात अजून सांगतात. हेरिंग मासळीच्या हंगामात पुरुष होड्यांवर जात. त्या धंद्यावरच गाव तगले. मग एकेक घर रिते झाले. अलेक्झांडर रॉबर्ट सदरलंड १८३९ साली न्यूझीलंडला निघून गेले.

१९११ साली त्यांचे पुत्र डोनाल्ड यांनी वडिलांच्या आणि गावकऱ्यांच्या स्मरणार्थ येथे एक दगडी स्तंभ उभारविला. बॅडबेतील शेवटच्या रहिवाशाने गाव सोडले, तेही त्याच वर्षी.