निळ्यापासून विटकरीपर्यंत

अकरावीत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात घरची साखर विरघळवली आणि परीक्षानळी उकळत्या पाण्यात धरली. रंग निळाच! बाई हसून म्हणाल्या, "आता ग्लुकोज घे." या वेळी हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी रंग आला. ग्लुकोज तांब्याच्या आयनांचं क्षपण करतं, उसाची साखर करत नाही. जितकं ग्लुकोज जास्त, तितका रंग विटकरीकडे झुकतो. पण हा अंदाज आहे, नेमकं माप नव्हे.

या नळीमागे मोठा इतिहास आहे. मधुमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी टिपलं होतं. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं रुग्णाची लघवी आटवली, तर तळाशी साखरेसारखा गोड पदार्थ उरला. एकोणिसाव्या शतकात फेलिंगची चाचणी आली. तिची दोन द्रावणं वेगळी ठेवून ऐन वेळी मिसळावी लागत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या स्टॅन्ली बेनेडिक्टनं टिकाऊ असं एकच द्रावण बनवलं.

१९२२ साली रुग्णांना इन्सुलिन मिळू लागलं आणि ही नळी घरोघरी पोचली. कित्येकांनी रंग पाहून डोस ठरवला. धोका इथेच होता. लघवी मागच्या काही तासांची गोष्ट सांगते, या क्षणाची नाही. रक्तातली साखर ठीक असो की जीवघेणी कमी, नळी निळीच दिसते.

म्हणून रंग वाचताना एक प्रश्न विचारायचा: ही नळी काय सांगत नाही?