थांबलेल्या गाडीचे वेतन

विजेचा धंदा हा दुधाच्या धंद्याहूनही नाजूक. दूध निदान संध्याकाळपर्यंत टिकते. वीज मात्र निर्माण होताच वापरावी लागते. मागणी आणि पुरवठा यांत तफावत पडली, की आपल्याकडे सेकंदाला ५० असणारी आवर्तने ढळू लागतात, आणि फार ढळली तर सारे जाळेच कोसळते. म्हणून विजेच्या इतिहासात साठवणुकीचा प्रश्न पहिल्यापासून आहे. विजेवर चालणारी मोटार या प्रश्नाला येऊन भिडली ती आज नव्हे, शंभर वर्षांपूर्वी.

१९१०च्या सुमारास अमेरिकेतील वीजकंपन्यांना रात्रीची विवंचना असे. दिवसा कारखाने, संध्याकाळी दिवे. मध्यरात्री यंत्रे जवळजवळ रिकामी. मोटारींच्या बॅटऱ्या रात्री भरल्या तर या यंत्रांना काम मिळेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि म्हणून त्यांनी या मोटारींचा हिरिरीने प्रचार केला. हार्टफर्ड शहरात तर मालमोटार गिऱ्हाइकाची, पण बॅटरी भाड्याची, अशी व्यवस्था काही वर्षे चालली. संपलेली काढायची, भरलेली बसवायची. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याची कटकट गेली, आणि पेट्रोलच्या गाडीने मैदान मारले. विजेच्या मोटारीला हरवायला वीजच कामी आली, ही त्यातली गंमत!

तोवर वीज एकाच दिशेने वाहत होती, कंपनीकडून गाडीकडे. उलटा विचार नीट मांडला गेला तो १९९७ साली. विलेट केम्प्टन आणि स्टीव्हन लेटेंड्री या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी दाखवून दिले, की खासगी मोटार दिवसातून जेमतेम तासभर धावते. उरलेला वेळ तिची बॅटरी रिकामटेकडी असते. अशा हजारो गाड्या तारेला जोडल्या तर ते एक वीजकेंद्रच झाले म्हणायचे.

विचार कागदावर होता. त्याची निकड पटवली ती जपानच्या संकटाने. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि सुनामी आली, फुकुशिमाचे अणुवीजकेंद्र निकामी झाले, आणि टोकिओच्या परिसरात पाळीपाळीने वीज बंद ठेवावी लागली. लोडशेडिंग म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको! पश्चिम जपानात वीज होती, मग ती पूर्वेला का देता येईना? कारण एकोणिसाव्या शतकात टोकिओने जर्मन यंत्रे घेतली, ५० आवर्तनांची. ओसाकाने अमेरिकन घेतली, ६० आवर्तनांची. ती खरेदी देशाचे दोन तुकडे करून गेली होती. दोहोंना जोडणारी रूपांतर केंद्रे होती, पण गरजेच्या मानाने फार तोकडी.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, निस्सान कंपनीने आपल्या लीफ मोटारीतून घराला वीज देणारे यंत्र विक्रीस काढले. बॅटरी २४ युनिटांची. सामान्य जपानी घराला ती दोन दिवस पुरेल असे कंपनीचे म्हणणे होते. २०१९ मध्ये चिबा प्रांतात वादळाने विजेच्या तारा पाडल्या, तेव्हा अशाच गाड्यांनी निवारा केंद्रांना वीज पुरवली.

एका घराची सोय मला समजते. पण माझ्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला अधिक महत्त्वाचा वाटतो तो डेन्मार्कचा प्रयोग. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्ग येथील नागरी सेवा कंपनीने २०१६ मध्ये आपल्या दहा विजेच्या व्हॅन दुहेरी वाहतुकीच्या यंत्रांना जोडल्या. प्रत्येक यंत्र १० किलोवॉटचे. दिवसाचे काम संपले, की आवर्तने चढली तर व्हॅन वीज घेत, उतरली तर परत देत. मोबदला मुख्यतः तत्पर राहण्याचा. किती युनिटे दिली हा भाग दुय्यम. केम्प्टन आणि जस्ना टोमिच यांनी २००५ मध्ये हेच गणित मांडले होते, की खरी किंमत विजेपेक्षा हजेरीला आहे.

श्रोतेहो, हे वाचले तेव्हा मला गिरणगावातले बदली कामगार आठवले. पहाटे फाटकाशी उभे राहायचे. कोणी गैरहजर असला तर काम, नाही तर रिकाम्या हाताने घरी. त्यांच्या त्या उभे राहण्यावर गिरणी चाले, पण उभे राहण्याचा पैसा कोणी देत नसे. थांबणे हेही काम आहे, हे सांगता सांगता आमच्या वडीलधाऱ्यांचे घसे कोरडे पडले. बॅटरीच्या बाबतीत मात्र बाजाराला ते चटकन पटले!

पटले ते ठीक. पण पैसा कोणाच्या खिशात जाणार? भरणे आणि रिकामे करणे यांनी बॅटरी झिजते. ती झीज मालकाची, आणि मिळकत मधल्या कंपनीची, असा करार सहज होऊ शकतो. करारात झिजेचा आकार वेगळा दाखवलेला असावा, आणि सकाळी कामावर निघण्यापुरती वीज गाडीत ठेवण्याचा हक्क मालकाचाच असावा. बंगलेवाल्याला दारात गाडी जोडता येते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे काय?

आमच्या स्टँडवर बॅटरीच्या रिक्षा चालवणारे काही जण आहेत. त्यांना मी हा डेन्मार्कचा प्रकार समजावून सांगितला. एकाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "काका, ते सगळं खरं, पण रात्री रिक्षा लावतो त्या गल्लीत प्लग कुठाय?"