डोर्टची धर्मसभा : परित्यागाचा सिद्धांत आणि कृपासाधने

प्रस्तावना :
प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा इतिहास शिकविताना कॅल्व्हिनवादाची ओळख बहुधा मॅक्स वेबर यांच्या १९०४-०५ मधील प्रबंधाच्या आधारे करून दिली जाते. वेबर यांनी रेखाटलेला कॅल्व्हिनवादी मनुष्य एकाकी आहे. त्याचे पारलौकिक भवितव्य अनादिकाळी ठरलेले असून धर्मोपदेशक, संस्कार अथवा चर्च त्यास साहाय्य करू शकत नाहीत. हे चित्र कितपत पूर्ण आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
ईश्वर काहींना तारणासाठी निवडतो, ही ‘निवड’. इतरांना त्यांच्या पापावस्थेत राहू देतो व त्यासाठी दंड देतो, हा ‘परित्याग’. वचनाचा उपदेश आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे संस्कार म्हणजे ‘कृपासाधने’ होत. १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीने त्यांत प्रार्थनेचाही समावेश केला. सर्व काही पूर्वनियोजित असेल तर या साधनांचे प्रयोजन काय, हा प्रश्न येथे अपरिहार्यपणे उद्भवतो.

विवादाची पार्श्वभूमी :
हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. पूर्वनियोजनाच्या सिद्धांतास आक्षेप घेणाऱ्या जेरोम बोल्सेक यांना १५५१ मध्ये जीनिव्हातून हद्दपार करण्यात आले. पुढे लायडन विद्यापीठात आर्मिनियस व गोमारस यांच्यात याच विषयावर संघर्ष झाला. १६१० मध्ये आर्मिनियसच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले. वादास राजकीय वळण लागले आणि नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ या काळात डोर्ट येथे धर्मसभा भरली. इंग्लंड, जीनिव्हा व जर्मन प्रदेशांतील प्रतिनिधीही तीस उपस्थित होते.

धर्मसभेची भूमिका :
सभेने निवेदनकर्त्यांची मते फेटाळली व परित्यागाचा सिद्धांत कायम ठेवला. मात्र पहिल्या प्रकरणाचे सोळावे कलम विशेष लक्षणीय आहे. ज्यांना अंतःकरणात जिवंत श्रद्धा अद्याप जाणवत नाही, परंतु जे कृपासाधनांचा अवलंब करीत आहेत, त्यांनी परित्यागाच्या उल्लेखाने भयभीत होऊ नये व स्वतःस परित्यक्तांत गणू नये. साधने चिकाटीने चालू ठेवून कृपेची प्रतीक्षा करावी, असा त्याचा आशय आहे. निवड ज्या रीतीने श्रद्धेचे कारण ठरते, त्याच रीतीने परित्याग अश्रद्धेचे कारण ठरतो, हे मतही समारोपात नाकारण्यात आले. सुवार्तेची घोषणा सर्वांपुढे भेदभाव न करता व्हावी, असेही सभेने सांगितले. थोडक्यात, ईश्वराने साध्याबरोबर साधनेही नेमली आहेत. निर्णय गुप्त असला तरी साधने उघड आहेत.

या आश्वासनाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. निवेदनकर्त्यांचे राजकीय पाठीराखे योहान व्हान ओल्डेनबार्नेव्हेल्ट यांचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला आणि सुमारे दोनशे उपदेशक पदच्युत झाले. साशंक श्रद्धावंतास धीर देणाऱ्या व्यवस्थेने मतभेद व्यक्त करणाऱ्या उपदेशकास मात्र स्थान दिले नाही.

निष्कर्ष :
डोर्टने पूर्वनियोजनाचे तार्किक कोडे सोडविले नाही. त्याबरोबर जगण्याची रीत मात्र सांगितली. वेबर यांचे चित्र सिद्धांताच्या कठोरतेस न्याय देते, परंतु त्याच परंपरेतील या आश्वासनास पुरेसे स्थान देत नाही. त्यामुळे वर्गात वेबर शिकविताना डोर्टचे सोळावे कलमही सोबत वाचले जाणे अगत्याचे आहे.