पाबळचे कलबाग सर

पाबळ म्हटलं की बहुतेकांना मस्तानीची समाधी आठवते. पण मंडळी, पुण्याहून साधारण ६० किलोमीटरवरच्या, शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावाचा अजून एक इतिहास आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला.

माणूस कोण? इलिनॉय विद्यापीठाचे पीएच.डी. आधी म्हैसूरला सीएफटीआरआयमध्ये, मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात. १९८२ मध्ये नोकरी सोडली आणि पत्नी मीराताईंसह थेट पाबळ गाठलं!

विद्यार्थी कोण, तर शाळेने 'ढ' ठरवून बाहेर टाकलेली पोरं. कलबागांचं म्हणणं असं की हाताने काम करताना माणूस आपोआप शिकतो, त्यासाठी आधी पुस्तक पाठ असावं लागत नाही. मग काय... वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, रक्ततपासणी, सगळंच. विहीर कुठे खणावी हे सांगायला ही मुलं जमिनीचा विद्युतरोध मोजायला शिकली. आपण ओहमचा नियम परीक्षेपुरता घोकला, त्यांनी तो शेतात वापरला.

ग्यानबाची मेख पुढे आहे. मुलांनी केलेलं काम गावाला पैसे घेऊन द्यायचं, हा त्यांचा नियम. गेट वाकडं झालं तर गिऱ्हाईक परत येणार. तिथे 'प्रयत्न चांगला होता' म्हणून ग्रेस मार्क नाहीत.

एक आश्रम चालवणं एकवेळ सोपं, पसरवणं अवघड. त्यासाठी त्यांनी साध्या शाळांमध्ये आठवी ते दहावीला आठवड्यातून एक दिवस हेच शिक्षण नेलं. शिकवायला गावातलेच कारागीर. एसएससी बोर्डाने विषयाला मान्यताही दिली.

पण नुसत्या सरकारी मान्यतेवर किती विसंबायचं? मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. प्रयोगातून विज्ञान शिकवणारं ते काम शेकडो शाळांत पोचलं, आणि २००२ मध्ये राज्य सरकारच्या एका निर्णयाने बंद झालं. तीस वर्षांची मेहनत! कलबागांनाही सरकार लागलंच, नाही असं नाही. पण मुलांच्या कामाची गावाला गरज असली की कार्यक्रमाला एक गिऱ्हाईक मिळतं, आणि ते मंत्रालयात बसत नाही.

२००२ मध्येच एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांच्या मदतीने पाबळला फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ही एक. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालूच राहिला, म्हणजे तो एका माणसाच्या करिष्म्यावर उभा नव्हता. संस्था चालवणाऱ्याची खरी परीक्षा हीच, नाही का?

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस बिनदप्तराचे सुचवले आहेत. आपल्या कंपन्याही सीएसआरमधून शाळांना रोबोटिक्सचे किट देतात. चांगलंच आहे. फक्त पुढच्या वेळी अशा मीटिंगमध्ये बसलात तर किती किट वाटले, एवढ्यावर थांबू नका. पोरांनी बनवलेली वस्तू वापरणार कोण, हेही विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते किट वर्षभरात कपाटात जाणार, हे नक्की.