नवाचा ताळा

आमच्या लहानपणी गुणाकार झाला की नवाचा ताळा करायचाच, अशी शिस्त होती. पुढे मास्तर झाल्यावर मीही पोरांकडून तो करून घेतला. परवा नातवाच्या कॉम्प्युटरवर एक एकवीस आकडी संख्या वाचनात आली आणि पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १. फ्रान्समधले धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ साली ही संख्या मूळ आहे, म्हणजे तिला १ आणि ती स्वतः यांखेरीज अवयव नाहीत, असे लिहून ठेवले. १८७६ साली ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ती मूळ नाही हे सिद्ध केले. गंमत अशी की अवयव त्यालाही सापडले नव्हते. त्याची रीत आपल्या ताळ्यासारखीच. चूक आहे एवढे सांगते, कुठे आहे ते सांगत नाही.

अवयव मिळाले १९०३ साली. ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. फ्रँक नेल्सन कोल नावाचे प्राध्यापक फळ्यापाशी गेले. सांगतात ते असे, की त्यांनी तोंडातून अवाक्षर काढले नाही. एकीकडे २ चा ६७ वा घात करून त्यातून १ वजा केला. दुसरीकडे १९३७०७७२१ ला ७६१८३८२५७२८७ ने हाताने गुणले. दोन्ही उत्तरे एकच! खडू ठेवून ते जागेवर बसले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. किती दिवस लागले, असे पुढे कुणी विचारले तेव्हा म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

मी ताळा केला. पहिल्या अवयवाच्या आकड्यांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे पुन्हा १. एक गुणिले एक, एक. मोठ्या संख्येची १०९, तिचाही शेवट १. जुळला! (ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबरच असे नव्हे, पण जुळला नाही तर चूक नक्की.)

आणि एकदम सातवीतला एक मुलगा आठवला. वहीवर मी लाल फुली मारली होती. तो टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, कुठं चुकलं?" चाळीस वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. मी म्हटले, "जा, परत कर." तो गेला. पुन्हा कधी विचारायला आला नाही.

फुली मारायला क्षण पुरतो. कुठे चुकले ते दाखवायला कोलसाहेबांनी आपले रविवार घातले. माझ्याकडे तेव्हा पाच मिनिटे नव्हती.

आता वेळच वेळ आहे. वही मात्र समोर नाही.