वर्धेच्या अलीकडचा मतदार

विधानसभेची निवडणूक जवळ आली म्हणजे गावोगाव ज्या चर्चा झडतात, त्यांत उमेदवार, त्यांचे पक्ष आणि त्यांची पक्षांतरे यांस अग्रस्थान मिळते. मतदारयादीची चौकशी करणारा गृहस्थ विरळा. वास्तविक मतदानाची पहिली तयारी ती हीच. वऱ्हाडच्या वाचकांस तर ही गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटावी. कारण यादीत नाव आहे, मतही दिले आहे, तथापि कायद्याच्या भाषेत कोणी निवडून आलेलाच नाही, असा एक चमत्कारिक काळ या प्रांताने अनुभवला आहे.

धामणगाव स्टेशनावरून नागपूरकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात वर्धा नदी ओलांडून पुलगावास पोचते. हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पुरा झाला. नदीच्या दोन्ही तीरांवर तीच काळी माती, तोच कापूस आणि माणसांची बोलीही जवळजवळ तीच. परंतु पुलगाव ब्रिटिश हिंदुस्थानात होते आणि धामणगाव नव्हते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले ते कारभारापुरते. मालकी निजामाचीच राहिली. १९०२ साली लॉर्ड कर्झनने सालीना पंचवीस लक्ष रुपये खंड ठरवून हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला, आणि पुढील वर्षी तो मध्यप्रांतास जोडला. शेत खंडाने करावे तसा हा व्यवहार! नागपुरास एखादा कायदा झाला म्हणून तो वऱ्हाडास आपोआप लागू पडत नसे. त्यासाठी निराळा हुकूम काढावा लागे.

१९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदे कौन्सिलासाठी निवडणुका आल्या, तेव्हा या भेदाने मोठीच अडचण केली. परमुलखातील प्रजेने ब्रिटिश कौन्सिलात सभासद निवडून कसा पाठवावा? कायदेपंडितांनी तोड काढली ती अशी: वऱ्हाडात यादी करावी, मते घ्यावी, मोजावी, आणि जो विजयी ठरेल त्यास सरकारने ‘नियुक्त’ करावे. म्हणजे पुलगावच्या मतदाराचा प्रतिनिधी लोकनियुक्त आणि धामणगावच्या मतदाराचा प्रतिनिधी, तितकीच मते पडूनही, कागदोपत्री सरकारनियुक्त. ही केवळ शब्दांची कसरत होती असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपले मत ही आपली सत्ता आहे की वरिष्ठांनी मानलेली एक शिफारस आहे, हा प्रश्न त्या एका शब्दात दडलेला होता.

आणि तो प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांत-वऱ्हाडात स्वराज्य पक्षास बहुमत मिळाले. पुढील वर्षी या कौन्सिलाने मंत्र्यांचे वार्षिक वेतन दोन रुपयांवर आणून ठेवले. त्या मतांत वऱ्हाडच्या ‘नियुक्त’ सभासदांचीही मते होती. पण त्याच १९२३ साली निजाम मीर उस्मान अली यांनी वऱ्हाड परत मागितले, आणि मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने त्यांस नकार कळविला. त्या पत्रव्यवहारात सार्वभौमत्वाची चर्चा पुष्कळ आहे. ज्या मतदाराच्या गावाविषयी हा वाद चालला होता, त्यास मात्र तुला कोणीकडे जावयाचे आहे, असे कोणी विचारले नाही. १९३६ च्या करारानेही गाठ सुटली नाही. निजामास ‘हैदराबाद व वऱ्हाडचे निजाम’ ही पदवी मिळाली, त्यांच्या युवराजास वऱ्हाडचे प्रिन्स म्हणू लागले, आणि त्यानंतर काही महिन्यांतच १९३७ ची निवडणूक झाली. त्या वेळच्या ११२ जागांच्या विधानसभेसाठी यादीत नाव यावयाचे तर सारा, कर, मालमत्ता किंवा शिक्षण यांपैकी काही पदरी असावे लागे. कापूस वेचणाऱ्या मजुरणीस यांतले काय असणार?

तिचे नाव यादीत येण्याचा योग स्वातंत्र्यानंतर आला. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी एकवीस वर्षांची प्रत्येक व्यक्ती मतदार ठरली. अट मुख्यतः वास्तव्याची. तरी काम सोपे नव्हते. परक्यापुढे स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’ एवढेच सांगणाऱ्या सुमारे अठ्ठावीस लक्ष स्त्रियांची नावे देशभरात यादीतून गळाली, त्यांत बहुतेक उत्तरेकडील होत्या. मतदान त्या वेळी शिक्का मारून होत नसे; प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकावयाची. बैलजोडीची ओळख करून देण्याची निदान कापसाच्या मुलखात तरी गरज पडली नसावी.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो. धामणगावच्या मतदाराने १९५२ साली नागपुरास भरणाऱ्या मध्यप्रदेश विधानसभेसाठी मत दिले, १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्यासाठी आणि १९६२ साली महाराष्ट्रासाठी. घर तेच, राज्ये तीन! १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, ती बाजूस राहिली. तिची आठवण मात्र गेलेली नाही. २००८ च्या पुनर्रचनेत धामणगाव रेल्वे या नावाचा विधानसभा मतदारसंघ झाला, आणि लोकसभेपुरता तो वर्धा मतदारसंघात घातला गेला. पुलगाव व धामणगाव आता एकाच खासदारास मत देतात.

या मतदारसंघात विधानसभेचे मतदान शेवटचे २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. पुढच्या निवडणुकीत ज्यांस प्रथमच मत द्यावयाचे आहे अशी मुले आमच्या वाचकांच्या घरांत पुष्कळ असतील. १९८९ पासून वयाची अट अठरा वर्षांवर आली आहे, आणि २०२२ पासून अठरा पूर्ण झाल्याचा हिशेब जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखेस धरतात. विवाह होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव पुष्कळदा माहेरच्या यादीतच राहते, तेही पाहून घ्यावे. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटली म्हणजे त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव चढत नाही.