पक्ष्यांच्या स्वरांची नोंद

दाट पानांत दडलेलें पांखरूं डोळ्यांना दिसण्यापूर्वीं कानांना कळतें. इंग्लंडांत गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकानें अठराव्या शतकांत, दिसावयास जवळजवळ सारख्या अशा तीन चिमुकल्या पक्ष्यांचा भेद मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून ओळखला. परंतु ऐकलेला सूर दुसऱ्यास पडताळून पाहतां येईल असें साधन त्या काळीं नव्हतें.

तें एडिसनच्या फोनोग्राफानें दिलें. १८८९ सालीं जर्मनींत लुडविग कॉख या आठ वर्षांच्या मुलानें मेणाच्या नळकांड्यावर पाळीव शामा पक्ष्याचें गाणें उतरविलें. पक्ष्याच्या आवाजाचें ज्ञात असलेलें हें सर्वांत जुनें मुद्रण होय. आणि हा शामा आपल्या सह्याद्रीच्या रानांतहि गातो.

रानांतील मुद्रण मात्र फार कठीण. यंत्र अवजड, पक्षी दूर आणि वाऱ्याचा गोंगाट जवळ! अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठाच्या आर्थर अ‍ॅलन यांनीं १९२९ सालीं बोलपटाच्या फितीवर रानपाखरांचे आवाज टिपले. पुढें खोलगट परावर्तकामुळें दूरचा सूरहि एकवटून घेतां येऊं लागला.

कॉख हे ज्यू. नाझी राजवटीमुळें १९३६ सालीं त्यांना मायदेश सोडून इंग्लंडांत आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षीं निकल्सन यांच्यासह त्यांनीं तेथील रानपक्ष्यांच्या गाण्यांवर ध्वनिमुद्रिकांसहित पुस्तक काढलें.

आज खिशांतील दूरध्वनि आवाज टिपून पक्ष्याचें नांवहि सुचवितो. पण तें चुकूं शकतें. म्हणून नवशिक्यानें पहाटे एकाच पक्ष्याचा सूर ध्यानांत घ्यावा, स्थळ व वेळ टिपावी आणि जमल्यास पक्षी डोळ्यांनीं पाहून खात्री करावी.